मिस लॉरेटांच्या घरचा गिलास

अकोल्याच्या स्टेशनावर गाडी येईपर्यंत बाबा रुळांकडे पाहत उभे होते. आई माझ्या पिशवीची चेन पुन्हापुन्हा ओढून पाहत होती. गाडी लागली, मी डब्यात चढले, तेव्हा बाबा खिडकीशी आले आणि म्हणाले, "घर पाहून ये. मानसं पाहून ये. पानी पिन्यासारखं वाटलं तरच पी."

हे वाक्य परगावच्या वाचकांना उलगडून सांगायला हवं. आमच्याकडे सोयरीक (लग्नसंबंध) ठरवण्याआधी घरातलं कोणीतरी समोरच्यांचं घर पाहायला जातं. संबंध पटणार असेल तर गेलेला माणूस चहापाणी घेतो. पटणार नसेल तर गिलासाला हात लावत नाही, नमस्कार करून उठतो. तोंडाने नकार द्यावा लागत नाही, त्यामुळे कोणाचा अपमान होत नाही, असं आम्ही समजतो.

मी जात होते ती माझ्या धाकट्या भावाच्या, निलेशच्या सोयरिकीसाठी. निलेश अमरावतीला इंजिनिअर झाला आणि अमेरिकेला गेला. तिथे तो आंद्रे नावाच्या माणसासोबत राहतो. दोन वर्षांपूर्वी त्याने फोनवर सांगितलं, की आम्ही लग्न करणार आहोत. त्या दिवसापासून बाबांनी त्याचा फोन घेतला नाही. यंदा पावसाळा लागताच मात्र ते अचानक मला म्हणाले, "तू जाऊन पाह्य. तू म्हनशीन तसं." निलेशला बाकी काही नको होतं. पुढच्या उन्हाळ्यात लग्न होईल तेव्हा बाबांनी समोरच्या खुर्चीवर येऊन बसावं, एवढंच.

बाबांनी एसटीत कंडक्टरकी केली. अकोला–अमरावतीच्या रस्त्यावर उभं राहून राहून त्यांच्या पायाच्या शिरा फुगल्या आणि त्यावर आम्ही दोघं शिकलो. आमच्या घरात पदवीपर्यंत पोहोचलेली पहिली मी. आज मूर्तिजापूरच्या एका शाळेत भूगोल शिकवते. ज्या माणसाने मला नकाशा वाचण्याइतकं शिकवलं, त्याच्या बोलण्याबाहेर मी कधी गेले नाही. म्हणून त्यांनी माझ्यावर टाकलेली ही जबाबदारी मला मोठी वाटली. फराळाचे डबे, जवसाची चटणी आणि विहिणीसाठी आईने दिलेलं हिरवं काठपदराचं पातळ घेऊन दिवाळीच्या सुट्टीत मी निघाले.

निलेशचं गाव बॉस्टनजवळ आहे. उतरले तेव्हा झाडं लाल-पिवळी झाली होती आणि हवा अशी की कान दुखावेत. घराकडे जाताना एका चर्चच्या दारावर सप्तरंगी कापड लावलेलं दिसलं. मी विचारलं, काही सण आहे का? निलेश हसला. "आमच्यासारख्याईसाठी लावलं हाय ताई. या म्हनते."

मला बरं वाटलं. देवाच्या दारावरच लिहिलंय, म्हणजे माझं काम सोपं आहे, असं वाटलं.

आंद्रे दारात उभा होता. उंच, शांत, तोही माझ्यासारखा मास्तर, गणिताचा. त्याने वाकून नमस्कार केला. निलेशने शिकवलेला असणार, कारण हात थेट माझ्या बुटांना लागले. रंगाने तो चांगलाच काळा आहे. बाळापूरच्या वाटेवर नांगरून ठेवलेलं वावर असतं तसा. आमच्याकडे जमीन काळी असली की माणूस मिशीला पीळ देतो आणि पोरगी काळी असली की बाप खाली पाहून चालतो. हे मला त्या दारात उभं असतानाच सुचलं, आणि पुढचे सगळे दिवस डोक्यातून गेलं नाही.

वरच्या मजल्यावर हॅरिएट नावाच्या गोऱ्या बाई राहतात. पहिल्याच दुपारी त्यांनी मला केक खायला बोलावलं. निलेश आणि आंद्रे म्हणजे या इमारतीची शान आहेत, असं त्या दोनदा म्हणाल्या. केकची बशी पुढे केली तेव्हा मी रीतीप्रमाणे म्हटलं, "नको, नको, कशाला." आमच्याकडे पाहुण्याने दोनदा नको म्हणायचं आणि घरच्याने तिसऱ्यांदा ताटात वाढायचं. हॅरिएटबाई म्हणाल्या, "बरं." आणि बशी आत घेऊन गेल्या. मी भुकेने कळवळत खाली आले. निलेश पोट धरून हसला. "इथं एकदाच विचारते ताई! नको म्हनलं का नकोच समजते." आंद्रेने मला गरम पोळी करून दिली. नकाशात कुठलाही देश ओळखू येणार नाही अशा आकाराची होती, पण मी तीन खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी आंद्रे आणि मी भाजी घेऊन परतत होतो. इमारतीच्या दारातून एक गोरे गृहस्थ बाहेर पडत होते. त्यांनी मला पाहून दार उघडून धरलं, हसले. मी आत गेले. मागे आंद्रे होता. त्याच्यासमोर त्यांनी हात आडवा केला आणि अगदी नम्रपणे विचारलं, "आपण कोणाकडे आलात?"

आंद्रेने भाजीची पिशवी खाली ठेवली, खिशातून किल्ली काढली आणि काही न बोलता वर धरली. इतकी सवयीची हालचाल होती ती, की मला शाळेत हजेरीला हात वर करणारी मुलं आठवली. गृहस्थ म्हणाले, "माफ करा हं." जिन्यावरून हॅरिएटबाई उतरत होत्या. त्या मला समजावून सांगू लागल्या, की हल्ली दारातली पार्सलं चोरीला जातात, त्या गृहस्थांच्या मनात तसं काही नव्हतं. आंद्रेने हॅरिएटबाईंचे आभार मानले. कशाबद्दल, ते मला अजून कळलेलं नाही. मी कालची पाहुणी, मला दार उघडलं; तो त्या घराचा मालक, त्याला किल्ली दाखवावी लागली.

जेवताना मी विषय काढला. निलेश म्हणाला, "इथं आमच्या दोघाईचं कोनाले काई वाटत नाही. एकट्या त्याचं वाटते."

"आणि तुझं?"

"माह्यं? मले करी कशी करते ते विचारते," असं म्हणून तो हसला. आंद्रे हसला नाही. त्याने विषय बदलला आणि सांगितलं, की शनिवारी आपण माझ्या आईकडे जॉर्जियाला जाऊ. तिला ताईंना भेटायचं आहे.

जॉर्जिया राज्य दक्षिणेला. विमानाने अटलांटाला गेलो, तिथून मोटारीने. अटलांटा मोठं शहर. तिथल्या एका खाणावळीत वाढपीण आली, दोघांकडे पाहून म्हणाली, "जोडीने आलात, गोड माझ्याकडून." तीही काळी होती, आजूबाजूला बसलेले बरेच काळे होते आणि कोणी मान वळवली नाही. आंद्रे पहिल्यांदाच खुर्चीवर पसरून बसलेला मला दिसला. पण तो आराम तेवढ्याच जेवणापुरता. शहर सुटलं, रस्ता अरुंद झाला, दोन्ही बाजूंना लाल माती लागली आणि मग एका वळणावर मी ओरडलेच, "कपाशी!"

फुटलेली, पांढरीशुभ्र, दूरपर्यंत. दरवर्षी फळ्यावर मी अमेरिकेचा कापूस पट्टा रंगीत खडूने काढते. तो समोर उभा होता. मी गाडी थांबवायला लावली, उतरून एक बोंड हातात घेतलं. वऱ्हाडच्या माणसाला परमुलखात याहून आपलं काय वाटणार? वळून पाहिलं तर आंद्रे गाडीतून उतरलाच नव्हता. स्टिअरिंगवर हात ठेवून समोर पाहत बसला होता. निलेश हळूच म्हणाला, "चाल ताई. त्याच्या घरचे लोक इथं थांबून पाहत नाहीत. त्याच्या पनजीनं हेच वेचलं, दुसऱ्याच्या वावरात, मार खाऊन."

मी बोंड तिथेच ठेवलं.

पुढे पेट्रोल भरायला थांबलो. त्याआधी दोघांनी आपापल्या बोटातल्या साखरपुड्याच्या अंगठ्या काढून गाडीच्या कप्प्यात टाकल्या. एकमेकांना काही सांगावं लागलं नाही. पंपावरचा म्हातारा गोरा माणूस आंद्रेला नावाने ओळखत होता. "आई कशी आहे? तिच्या गुडघ्याचं काय झालं?" मला त्याने टोपी काढून नमस्कार केला. निलेशला विचारलं, "आणि हा?" आंद्रे म्हणाला, "कामावरचा मित्र."

बॉस्टनजवळ आंद्रेला स्वतःच्याच दारात किल्ली दाखवावी लागली होती, आणि इथे गुडघ्याची चौकशी होत होती. पण तिथे अंगठी बोटात राहत होती. दोन दिवसांच्या पाहुणीने देशावर निकाल देऊ नये, हे मला कळतं. मी पाहिलं तेवढंच लिहिते आहे.

मिस लॉरेटा ओसरीवर उभ्या होत्या. तिकडे वयाने मोठ्या बाईला नावाआधी 'मिस' लावून हाक मारतात, आपण 'बाई' लावतो तसं. ठेंगण्या, पिकलेले केस, अंगावर इस्त्रीचा झगा. घर लहान, लाकडी, लखलखीत पुसलेलं. त्यांनी मला खुर्ची दिली आणि ट्रेमधून उंच काचेचा गिलास पुढे केला. त्यात बर्फ घातलेला गोड चहा होता.

बाबांचं वाक्य माझ्या कानात होतंच. सोयरिकीच्या घरी पहिल्याच हाकेला गिलास उचलणं म्हणजे हावरटपणा, हे आईने लहानपणापासून शिकवलेलं. हॅरिएटबाईंच्या केकची शिकवण मी विसरले आणि तोंडातून निघून गेलं, "नको, नको."

मिस लॉरेटांनी दुसऱ्यांदा विचारलं नाही. "बरं," म्हणाल्याही नाहीत. त्यांनी गिलास उचलला, आत नेला. ओसरीवरून स्वयंपाकघर दिसत होतं. त्यांनी चहा मोरीत ओतला, गिलास धुतला, पुसला आणि पालथा घालून ठेवला. आंद्रे जागेवरून उठून अंगणात गेला.

निलेशचा चेहरा उतरला होता. "ताई, तू काहून नको म्हनली?"

"अरे, रीत म्हणून. त्या आग्रह करतील असं…"

"मिस लॉरेटाच्या मायनं गोऱ्याइच्या घरी जनमभर सैपाक केला. ते लोक तिच्या हातचं खात, पन तिच्या घरी आले का पान्याचा गिलास हातात घेत नसत. उभ्यानं बोलून जात. अन तू बाबाचा निरोप घेऊन आलीस हे आंद्रेनं त्याइले सांगून ठेवलं हाय. पानी म्हंजे काय ते त्याइले मालूम हाय."

 ही गोष्ट मला परक्या देशाची वाटलीच नाही. आमच्याही घरी मागच्या दारी कोनाड्यात एक कान तुटलेला कप असायचा. तो कोणासाठी, हे कोणी मला शिकवलं नव्हतं आणि तरी मला ठाऊक होतं.

मी उठले, स्वयंपाकघरात गेले. शाळेतल्या इंग्रजीत म्हणाले, "मला चहा हवा आहे. आमच्याकडे दोनदा नको म्हणायचं असतं. घरच्यांनी तिसऱ्यांदा द्यायचा असतो."

मिस लॉरेटांनी हातातलं फडकं खाली ठेवलं. "आणि तिसऱ्यांदा कोणी दिलाच नाही तर?"

"तर पाहुणा उपाशी राहतो. बॉस्टनला राहिले होते मी."

त्या हसल्या नाहीत. पण तोच पालथा गिलास सुलटा केला. चहा ओतताना म्हणाल्या, "जेवणाचा आग्रह आम्हीही करतो. पाहुण्याला हलू देत नाही. पण गिलासाला नको म्हणणाऱ्याला आम्ही दुसऱ्यांदा विचारत नाही. आमच्या आईने तसं शिकवलंय."

मी तिथेच उभ्याने दोन गिलास प्याले. दातांतून कळ गेली इतका गार आणि इतका गोड. बाबांनी सांगितलेलं काम त्या मोरीजवळ झालं. माझ्या बाजूने सोयरीक पटली.

रात्रीचं जेवण पाहून मला माहेरी आल्यासारखं झालं. मक्याच्या भरडीच्या कण्या, मक्याची जाड भाकर, भेंडी आणि अंबाडीसारखी एक पालेभाजी. त्या भाजीत तिकडे मांस घालतात. माझ्यासाठी त्यांनी वेगळ्या भांड्यात बिनमांसाची केली होती. मी जवसाची चटणी काढली. मिस लॉरेटांनी चिमूटभर खाऊन पाहिली, मग चमचाभर, मग डबाच आपल्याकडे ओढून घेतला. झोपताना मात्र आंद्रेची आणि निलेशची अंथरुणं दोन वेगळ्या खोल्यांत होती.

रविवारी त्यांच्या चर्चला गेलो. पाद्री, म्हाताऱ्या बाया, पोरंसोरं, सगळ्यांनी मला मिठ्या मारल्या. अनोळखी माणसाचं एवढं स्वागत मी कुठे पाहिलं नाही. मिस लॉरेटा ओळख करून देत होत्या, "हा आंद्रेचा मित्र, ही मित्राची बहीण." बाकावर दोघांच्या मध्ये मला बसवलं. भिंतीसारखी. गाणं फार सुंदर होतं आणि मी त्यात सामील होऊ शकले नाही.

दुपारी ओसरीवर मी त्यांना पातळ दिलं. त्यांनी काठावरून बोट फिरवलं आणि निलेशला ऐकू जाईल अशा आवाजात मला म्हणाल्या, "मी माझ्या पोराला कधी घराबाहेर काढलं नाही. पण तुम्ही पाहिलंत, माझं सगळं आयुष्य त्या चर्चमध्ये आहे. लग्नात मी समोरच्या ओळीत बसले तर पुढच्या रविवारी मला तिथे कोणी ओळखणार नाही. तरी बसेन. पण एकटी नाही बसणार. तुमचे वडील शेजारच्या खुर्चीवर असतील, तर या गावाला मी सांगेन, की बघा, त्याचे बाबा अर्ध्या जगावरून आलेत."

निलेशने मान खाली घातली होती. आता एका खुर्चीवर दोन घरं अडली होती.

निघताना त्यांनी माझ्या हातात एक बरणी दिली. पीच (मऊ, रसाळ फळ) साखरेच्या पाकात घालून स्वतः केलेलं. झाकण घट्ट, वर कापडाचा तुकडा दोऱ्याने बांधलेला. "तुमच्या वडिलांना द्या. त्यांना म्हणावं, हे मी माझ्या हाताने केलंय."

परतीला नागपूरला उतरले आणि अमरावतीला मामांकडे थांबले. मामा वकील, घरात पुस्तकं, बोलणं पुण्याच्या वळणाचं. निलेशच्या बाजूने कोणी बोलेल तर तेच, असं मला वाटत होतं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं. "हे बघ, दोन पुरुषांनी एकत्र राहणं आता आपल्याकडेही गुन्हा नाही. लग्नाला मान्यता नसेना का. मी मागासलेला माणूस नाही." मग चष्मा पुसत म्हणाले, "पण ते एक वेळ लपवता येतं गं. मित्र आहे म्हणून सांगता येतं. रंग कसा लपवणार?"

मला जॉर्जियाचा पेट्रोल पंप आठवला आणि बॉस्टनजवळचं ते दारही. हे सगळं मागे ठेवून आपण घरी आलो, अशी माझी समजूत होती.

अकोल्याला पोहोचले तेव्हा घरात काकूही आली होती, चांदूर बाजारहून, खास अमेरिकेचं ऐकायला. सगळ्यांना फोनवरचे आंद्रेचे आणि मिस लॉरेटांचे फोटो दाखवून मी बाबांसमोर बसले. त्यांनी एकच विचारलं, "पानी प्याली?"

"प्याले. दोन गिलास. बाबा, माणसं चांगली आहेत. घर चांगलं आहे. तुम्ही मला म्हटलं होतं, तू म्हणशील तसं. मी हो म्हणते."

बाबा पायाच्या शिरांवरून हात फिरवत बसले. मी विमानतळावर घेतलेला चॉकलेटचा मोठा डबा उघडला. काकूने घेतलं, आईने घेतलं, बाबांनी दोन घेतली. मग मी बरणी काढली, दोरा सोडला, कापड बाजूला केलं.

"हे कायचं हाय वं?" काकूने विचारलं.

"फळाचं. निलेशच्या सासूने स्वतः केलंय."

"तिच्या हातचं?"

"हो."

काकूने पदर सावरून घेतला. आई उठली, वाटी-चमचा घेऊन आली. वाटी हातात धरून ती बाबांकडे पाहत राहिली.  बाबांनी आणखी एक चॉकलेट सोलायला घेतलं. आईने वाटी परत नेली. जाताना बरणी उचलून बाबांच्या खुर्चीमागच्या फळीवर ठेवून दिली.

"बाबा, चमचाभर."

"चांगले लोक हायेत म्हनली ना तू? झालं मंग," बाबा म्हणाले. "चांगल्या लोकाईले आपला दुरून रामराम. तू शिकेल हाय, तुले सगळं चालते. मले या गल्लीत राहाचं हाय."

संध्याकाळी निलेशचा व्हिडिओ कॉल आला. दोन वर्षांत पहिल्यांदा बाबा फोनसमोर बसले. तेवढ्यानेच निलेश फोनच्या अगदी जवळ सरकला. तो एकटा नव्हता. मिस लॉरेटा पोराला भेटायला आल्या होत्या. त्यांनी हिरवं पातळ शालीसारखं खांद्यावरून घेतलं होतं, काठ नीट दिसेल असं. त्यांनी हात जोडले. मग विचारलं, "माझे पीच कसे लागले?"

निलेशने मराठीत सांगायच्या आतच बाबा पुढे सरकले. बसमध्ये चढलेल्या साहेब लोकांशी बोलायचे तशा इंग्रजीत, मान डोलावत, हसून म्हणाले, "व्हेरी गुड. व्हेरी नाइस. थँक्यू."

त्यांच्या डोक्याच्या मागे फळीवर बरणी होती. भरलेली, झाकण घट्ट, बाजूला सोडलेला दोरा लोंबत असलेली. मला ती जितकी स्पष्ट दिसत होती तितकीच त्यांनाही दिसत असणार. मिस लॉरेटा आधी बाबांच्या चेहऱ्याकडे पाहत होत्या, मग त्यांची नजर जराशी वर गेली आणि तिथेच थांबली. त्यांनी तोंड वाकडं केलं नाही. खांद्यावरचं पातळ काढलं, सावकाश घडी घातली आणि मांडीवर ठेवलं.

"त्यांना सांग," त्या निलेशला म्हणाल्या, "उघडली नाही तर वर्षभर टिकते."

निलेशने ते भाषांतर करून सांगितलं नाही. बाबा अजून हसत, मान डोलावत होते. मिस लॉरेटांनी दुसऱ्यांदा विचारलं नाही.

दिवाळीची सुट्टी संपली. शाळेत मी पुन्हा अमेरिकेचा कापूस पट्टा शिकवला. मुलींना सांगितलं, उत्तर इथे, दक्षिण इथे, मधली रेघ इथून जाते. ती रेघ काढताना हात थांबला. नकाशावर ती अमेरिकेतच संपते, आणि परीक्षेला तेवढंच विचारतात.